गोरज मुहूर्ताच्या उजेडात कोणती झूम लेन्स?

तुळशीचं लग्न लागलं की इंदुरात लग्नांचा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबरच्या शेवटी इथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, आणि गोरज मुहूर्त धरलेला असेल तर मंगलाष्टकं नेमकी त्याच वेळी सुरू होतात. या वेळचा उजेड फार फसवा. सूर्य बुडाल्यावर दर काही मिनिटांनी तो निम्मा होत जातो, पण डोळा गुपचूप त्याच्याशी जुळवून घेतो आणि आपल्याला वाटतं की अजून चांगलं दिसतंय. कॅमेऱ्याला असं फुकट जुळवून घेता येत नाही. तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, नाहीतर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवतो. पहिल्या मंगलाष्टकाला स्वच्छ आलेला नवरीचा चेहरा शेवटच्या ‘सावधान’ला हललेला येतो, त्याचं कारण हेच. मॅरेज गार्डनच्या झाडांवर तोवर दिव्यांच्या झालरी लागलेल्या असतात. त्या फोटोत मागे सुंदर दिसतात, पण चेहऱ्यावर त्यांचा उजेड पोचत नाही.

लग्नाची कामं नव्याने घेऊ लागलेली मुलं, आणि घरच्या लग्नात ‘फोटो तूच काढ’ म्हणून जबाबदारी अंगावर आलेले भाचे-पुतणे, एकच प्रश्न विचारतात. एकच झूम घेता येणार आहे, कोणती घेऊ? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा असेल तर २४-७० एफ/२.८. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा असेल तर १७-५० च्या आसपासची एफ/२.८. यापेक्षा लांबचा पल्ला दाखवणारी, पण अ‍ॅपर्चर लहान असलेली कुठलीही लेन्स या कामासाठी घेऊ नका, दुकानदार कितीही आग्रह करो. या आकड्यांचा अर्थ काय, असं का, आणि हे उत्तर कुठे अपुरं पडतं, ते आता सविस्तर.

आधी दुसरा आकडा वाचा

लेन्सच्या तोंडाशी दोन प्रकारचे आकडे छापलेले असतात. पहिला १८-५५, २४-७०, ७०-२०० असा. ही फोकल लेंथ, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान असला की दृश्य रुंद येतं, मोठा असला की लांबचं माणूस जवळ दिसतं. ‘किती झूम होते?’ हा प्रश्न या पहिल्या आकड्याबद्दलचा असतो. दुसरा आकडा १:२.८ किंवा १:३.५-५.६ असा असतो आणि त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. लेन्सच्या आतलं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, जास्तीत जास्त किती उघडतं ते हा आकडा सांगतो. अंधाऱ्या मांडवात तुमचं सगळं काम याच्यावर चालतं.

हा आकडा म्हणजे साधा भागाकार आहे. फोकल लेंथला छिद्राच्या व्यासाने भागलं की एफ नंबर मिळतो. ५० मिमीवर एफ/२.८ म्हणजे छिद्राचा व्यास सुमारे १८ मिमी, रुपयाच्या नाण्याहून किंचित लहान. त्याच ५० मिमीवर एफ/५.६ म्हणजे ९ मिमी, शर्टाच्या बटणाएवढं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव उरतं, त्यामुळे उजेडही पावच आत येतो. एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त, हे सुरुवातीला उलटं वाटतं. आपण त्या व्यासाने भागतो आहोत हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ अशी ही शिडी आहे. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो आणि त्या पायरीला फोटोग्राफर ‘स्टॉप’ म्हणतात. २.८ पासून ५.६ पर्यंत दोन स्टॉप, म्हणजे चौपटीचा फरक.

हा फरक प्रत्यक्षात काय करतो ते बघा. समजा संध्याकाळच्या मांडवात १/१२५ सेकंदाचं शटर ठेवायचं आहे. एफ/५.६ वर योग्य उजेडाचा फोटो मिळवायला आयएसओ १२,८०० लागतोय. त्याच जागी, त्याच वेळी एफ/४ ला ६,४०० पुरतो, एफ/२.८ ला ३,२००, आणि एफ/१.८ ला साधारण १,३००. आयएसओ १२,८०० वर शालूच्या जरीचे बारीक काठ लगदा होतात आणि चेहऱ्यावर रंगीत दाणे येतात. ३,२०० वर आजचा कोणताही बरा कॅमेरा अल्बममध्ये मोठं छापता येईल असं चित्र देतो. तोच फोटोग्राफर, तोच कॅमेरा, तीच नवरी. बदललं फक्त छिद्र.

कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ बहुतेक वेळा एफ/३.५-५.६ असते. म्हणजे १८ मिमीवर ३.५ आणि झूम करत ५५ ला गेलात की ५.६. लग्नात ५५ ला कधी जातो आपण? चेहरा जवळून हवा असतो तेव्हा. म्हणजे सगळ्यात मोलाच्या क्षणी ही लेन्स सगळ्यात कमी उजेड देते. १८-२०० सारख्या लांब पल्ल्याच्या लेन्स शेवटी एफ/६.३ पर्यंत उतरतात, आणि २.८ च्या तुलनेत तिथे एक पंचमांश उजेड उरतो. आणखी एक जाळं आहे. काही लेन्सवर ‘२.८’ छापलेलं असतं, पण पुढे डॅश देऊन दुसरा आकडा असतो. टॅमरॉनची २८-२०० एफ/२.८-५.६ तशी आहे. लेन्स म्हणून ती चांगली, फिरायला न्यायला तर फारच चांगली. पण तिचं २.८ फक्त २८ मिमीपाशी आहे. लग्नासाठी आकडा एकच हवा, डॅशशिवाय. त्याला ‘कॉन्स्टंट अ‍ॅपर्चर’ म्हणतात. झूम कुठेही फिरवा, उजेड तोच राहतो. मॅन्युअल मोडवर काम करणाऱ्याला याचा दुहेरी फायदा होतो, कारण अंतरपाट धरला असताना रुंद चित्र काढून लगेच नवऱ्याच्या डोळ्यांवर गेलात तरी सेटिंग हलवावी लागत नाही.

स्टॅबिलायझेशनने नवरदेव थांबत नाही

‘स्टॅबिलायझेशन आहे ना, मग एफ/४ चालेल’ असं पुष्कळ जण म्हणतात. यात अर्धीच गोष्ट खरी आहे. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्याच्या बॉडीमधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं. त्याच्या जोरावर १/१५ सेकंदालाही मांडवाचे खांब, फुलांची आरास, रांगोळी धारदार येते. पण अक्षता टाकणारा हात, हार घालताना पुढे झुकलेली नवरी, करवलीचं वळून हसणं, हे १/१५ ला हललेलंच येणार. तिथे लागतं वेगवान शटर, आणि त्यासाठी लागतो उजेड.

उभ्या, जवळजवळ स्थिर माणसांना १/१०० पुरतं. सप्तपदीची पावलं मी १/१६० किंवा १/२०० ला धरतो. वरातीत ढोलापुढे नाचणाऱ्यांना १/२५० तरी हवंच. अक्षता हवेत असताना १/२५० ला त्यांच्या लहानशा रेघा उमटतात, आणि मला त्या आवडतात. त्यातून गती दिसते. तांदळाचे दाणे थिजवायचेच असतील तर १/५०० च्या पुढे जावं लागेल आणि त्या उजेडात ते परवडणारं नाही.

एफ/४ ची २४-१०५ ही लेन्स वाईट अजिबात नाही. दिवसाचं लग्न, हळद, दुपारची पंगत यांसाठी ती एकटी पुरते, आणि १०५ पर्यंतचा पल्ला मिळतो. संध्याकाळनंतर मात्र ती सगळीकडे फ्लॅशच्या आधाराने चालवावी लागते. दाणे घालवणारी सॉफ्टवेअर आता खूप सुधारली आहेत. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२३ मध्ये एआयवर चालणारं डीनॉइज आलं आणि आयएसओ ६,४०० चे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, फोटो वापरण्याजोगे होऊ लागले. पण हललेला डोळा कुठलंही सॉफ्टवेअर खात्रीने परत आणत नाही. म्हणून निवड करायची वेळ आली तर दाणे पत्करा, शटर खाली उतरवू नका.

अंतरपाटाची जागा

आता पहिल्या आकड्याकडे वळू. २४-७० च का? २८-७५ किंवा ३५-१५० का नाही?

मराठी लग्नात फोटोग्राफरची खरी परीक्षा अंतरपाटापाशी होते. नवरीच्या मागे मामा, नवऱ्याच्या मागे त्याचा मामा, अंतरपाट धरणारे दोघे, गुरुजी, करवल्या, वरून वाकलेल्या आत्या-मावश्या. आणि तुम्ही या सगळ्यांत कसेबसे शिरलेले. मागे सरकायला जागा नसते, कारण मागे व्हिडिओवाला असतो आणि त्याच्या मागे नवऱ्याचे मित्र. चौरंगापासून दोन मीटर अंतर मिळालं तरी नशीब. फुल फ्रेमवर दोन मीटरवरून २४ मिमीला साधारण तीन मीटर रुंदीचं दृश्य मावतं. २८ ला अडीच मीटरच्या थोडं वर. ३५ ला जेमतेम दोन मीटर. वधू-वर, दोन्ही मामा आणि मधला अंतरपाट एका चौकटीत घ्यायचे तर तीन मीटर लागतात. २८ वर एखादा मामा अर्धा कापला जातो. ३५ वर दोन्ही मामा बाहेर. भाचीच्या लग्नात मामा फोटोतून कापला गेला तर त्या घरात पुढची कितीतरी वर्षं त्याचा उद्धार होणार.

दुसरं टोक. अंतरपाट बाजूला झाला की दोन-तीन सेकंदांत दोघं एकमेकांकडे पाहतात. तिथून हलायला वेळच नाही. हात झूमच्या रिंगवर असला की ७० ला येता. दोन मीटरवरून ७० मिमीला एक मीटर रुंदीची चौकट मिळते, म्हणजे दोघांचे चेहरे आणि हातातले हार. एकाच जागेवरून ही दोन्ही चित्रं काढता येतात, म्हणून इथे प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सपेक्षा झूम कामाची. लेन्स बदलायला लागणारा अर्धा मिनिट त्या क्षणात नसतो, आणि अक्षतांच्या पावसात कॅमेरा उघडणं शहाणपणाचंही नाही.

क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यात हेच आकडे १.५ ने गुणायचे, कॅननच्या कॅमेऱ्यात १.६ ने. म्हणून १७-५० ची लेन्स तिथे फुल फ्रेमच्या २५-७५ सारखी दिसते आणि आपलं काम होतं. पण क्रॉप कॅमेऱ्यावर २४-७० लावलीत तर तिचं दृश्य ३६ पासून सुरू होईल. अंतरपाटापाशी अडकाल. ‘पुढे फुल फ्रेम घेणारच आहे, आत्ताच २४-७० घेऊन ठेवतो’ हा हिशेब करणाऱ्यांना मी सांगतो की मधली दोन वर्षं जी लग्नं काढाल त्यांतले मामा परत येणार नाहीत.

या हिशेबाचाच पुढचा भाग म्हणजे, आधी बॉडी बदलायची की लेन्स? पुष्कळ जण क्रॉप बॉडी आणि तिच्याबरोबर आलेली किट लेन्स विकून फुल फ्रेम बॉडी घेतात आणि पैसे संपल्यामुळे तिच्यावर पुन्हा स्वस्तातली झूम लावतात. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ क्रॉपच्या सव्वादोन ते अडीच पट असतं. म्हणजे दाण्यांच्या बाबतीत फायदा साधारण सव्वा स्टॉपचा. उलट त्याच जुन्या क्रॉप बॉडीवर ५.६ च्या जागी २.८ ची लेन्स लावली तर लांबच्या टोकाला फायदा पूर्ण दोन स्टॉपचा, आणि बहुधा खर्चही कमी. आधी लेन्स घ्या. बॉडी नंतर बदलता येते.

बाजारात काय आहे

सोनीच्या फुल फ्रेमवर २४-७० एफ/२.८ जीएमची दुसरी आवृत्ती २०२२ मध्ये आली, वजन ६९५ ग्रॅम. पहिली ८८६ ग्रॅमची होती. हा फरक रात्री अकरानंतर मनगटाला कळतो. निकॉनची झेड २४-७० एफ/२.८ एस ८०५ ग्रॅमची आहे. जुनी कॅनन डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर २०१२ ची ईएफ २४-७० एफ/२.८ एल टू आजही उत्तम काम देते. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, पण ते इथे निर्णायक नाही हे वर पाहिलंच. सोनी आणि एल माउंटसाठी (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते तो जोड) सिग्माची २०१९ ची २४-७० एफ/२.८ डीजी डीएन हीसुद्धा घेण्यासारखी, आणि मूळ कंपनीच्या लेन्सहून बरीच स्वस्त.

टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ जवळजवळ साडेपाचशे ग्रॅमची, हलकी आणि खिशाला परवडणारी. वर २८ बद्दल जे म्हटलं ते तिला लागू आहे. पण बजेट तिथपर्यंतच असेल तर ती घ्या आणि अंतरपाटाच्या वेळी एक पाऊल मागची जागा आधीच धरून ठेवा. लांब टोकाची अंधारी लेन्स घेण्यापेक्षा चार मिलिमीटर कमी रुंदी केव्हाही परवडली.

क्रॉपवाल्यांसाठी कॅननची ईएफ-एस १७-५५ एफ/२.८ ही २००६ ची लेन्स जुनी झाली तरी अजून मागणीत आहे. टॅमरॉनची १७-५० एफ/२.८ ही डीएसएलआरवाल्यांची कित्येक वर्षांची साथीदार. तिचा फोकस करताना आवाज होतो, पण सनई चालू असताना तो कुणाला ऐकू येत नाही. मिररलेस (आरसा नसलेल्या) क्रॉपवर सिग्माची १८-५० एफ/२.८ अवघी २९० ग्रॅमची आहे, आणि टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ थोडी जड असली तरी पल्ला जास्त देते. तिच्यात स्टॅबिलायझेशनही आहे. माझ्या मते क्रॉप सोनी किंवा फुजीवर एकट्याने लग्न काढणाऱ्याला ही १७-७० सगळ्यात सोयीची.

दोन लेन्स वेगळ्या वाटेच्या आहेत. सिग्माची १८-३५ एफ/१.८ ही २०१३ मध्ये आली, तेव्हा डीएसएलआरसाठी सबंध पल्ल्यात एफ/१.८ देणारी ती पहिलीच झूम होती. समईच्या उजेडात डीएसएलआरसाठी तिच्यासारखी दुसरी रुंद क्रॉप झूम नाही. पण फुल फ्रेमच्या हिशेबात तिचा पल्ला २७ ते ५३ एवढाच आहे, आणि चेहऱ्यापर्यंत पोचायला तुम्हाला स्वतःला चालत जावं लागतं. ती घ्याल तर दुसऱ्या बॉडीवर ८५ मिमीची लेन्स हवीच. दुसरी टॅमरॉनची ३५-१५० एफ/२-२.८. हिच्यावरही डॅश आहे, पण तो २.८ पाशी थांबतो, म्हणून माझ्या नियमाला हा अपवाद. स्टेजवरच्या वरमालेसाठी, भाषणांसाठी, पाठवणीच्या वेळी आईचा चेहरा लांबून टिपण्यासाठी ती विलक्षण आहे. वजन ११६५ ग्रॅम. मराठी विधींसाठी मात्र तिच्या सोबतीला रुंद लेन्सची दुसरी बॉडी लागेल.

जिथे २.८ सुद्धा पुरत नाही

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांमध्ये अजून लग्नाआधीचे विधी घरीच होतात. नवरी आतल्या खोलीत गौरीहरापाशी बसलेली असते, समोर समई, खिडकी लहान. इथे एफ/२.८ ठेवून, १/६० ला उतरूनही आयएसओ ६,४०० च्या घरात जातो. ५० मिमी एफ/१.८ ही प्रत्येक कंपनीची स्वस्तातली प्राइम अशा वेळी २.८ च्या जवळजवळ अडीच पट उजेड आत घेते. नवरी बसलेली आहे, हलत नाही, तुमच्याकडे लेन्स बदलायला वेळ आहे. झूमबरोबर एवढी एक छोटी लेन्स बॅगेत ठेवाच. त्या खोलीत फ्लॅश मारू नका. समईचा उजेड हाच त्या फोटोचा जीव आहे आणि फ्लॅशने तो विझतो.

मग सगळीकडे प्राइमच का नाही वापरायची, असं विचाराल. अडचण फोकसच्या खोलीची. फुल फ्रेमवर ७० मिमी, एफ/२.८, दोन मीटर अंतर, एवढ्यात धारदार दिसणारा पट्टा सुमारे १४ सेंटीमीटरचा असतो. सप्तपदीत नवरा पुढे आणि नवरी अर्धं पाऊल मागे असली की तेवढ्यातच एकाचा चेहरा धारदार आणि दुसऱ्याचा मऊ येतो. ८५ मिमी एफ/१.४ ला हाच पट्टा जेमतेम पाच सेंटीमीटरवर येतो. एकट्या चेहऱ्याला ते छान दिसतं. पण आपलं लग्न जोडीचं आणि घोळक्याचं असतं. उजेड पुरेसा आणि दोन चेहरे धारदार, या दोन्ही मागण्या २.८ च्या आसपास कशाबशा जुळतात. कुटुंबाचा ग्रुप फोटो मात्र २.८ वर कधीच काढू नका. दोन रांगा असल्या की एफ/५.६ आणि फ्लॅश.

फ्लॅशचं एक इंदुरी दुखणं सांगायला हवं. पुस्तकं सांगतात की फ्लॅश छताकडे वळवा, उजेड मऊ होऊन खाली येईल. मॅरेज गार्डनच्या हिरवळीवर छतच नसतं, आणि मांडवात असतं ते लाल, गुलाबी किंवा केशरी कापडाचं. लाल कापडावर आपटून आलेला उजेड चेहऱ्यावर लालच पडतो. तिथे फ्लॅश थोडा, म्हणजे एक-दीड स्टॉप कमी करून, उजेड पसरवणारा डिफ्यूझर लावून सरळ वापरावा आणि बाकी काम लेन्सने करावं. लाजाहोमाच्या वेळी धूर असतो. समोरून मारलेला फ्लॅश धुराच्या कणांवरून परत येतो आणि सगळं चित्र दुधाळ होतं. वारा येतो त्या बाजूला उभे राहा, फ्लॅश बंद करा, आणि अग्नीचा तांबूस उजेड नवरीच्या हातांवर पडतो तो घ्या. व्हिडिओवाल्याशी लग्नाआधीच बोलून ठेवा. त्याचा दिवा कुठल्या बाजूने येणार हे माहीत असलं की तो तुमचाही दिवा होतो.

दिव्यांची लुकलुक आणि झालरींचे ठिपके

लेन्स चांगली असूनही काही फोटो एक उजळ, एक काळपट असे येतात, कधी चित्रावर आडवे पट्टे उमटतात. दोष बहुतेक वेळा एलईडी दिव्यांचा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/१०० किंवा १/५० सेकंदाचं शटर ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण आवर्तनं येतात आणि उजेड सारखा पडतो. स्थिर विधींसाठी मी म्हणूनच १/१२५ ऐवजी १/१०० धरतो. जनरेटरवर चालणाऱ्या गार्डनमध्ये ही गती थोडी इकडेतिकडे होते. तिथे कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू करा. स्टेजमागच्या एलईडी वॉलची लुकलुक याहून वेगळी आणि खूप जलद असते. तिच्यासमोर मिररलेसचं सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. मेकॅनिकल शटरवर पट्टे बरेच कमी होतात.

दुसरा त्रास झालरींचा. झूम लेन्समध्ये काचेचे पंधरा-वीस तुकडे असतात, आणि चौकटीत शेकडो ठिपक्यांचे दिवे असले की त्यांची प्रतिबिंबं आत फिरतात. लेन्स जपायला म्हणून लावलेला यूव्ही फिल्टर ही प्रतिबिंबं वाढवतो. प्रत्येक प्रखर दिव्याची एक फिकट नक्कल चौकटीत समोरासमोर उलट बाजूला उमटते, तीही नेमकी कुणाच्या तरी कपाळावर. संध्याकाळ झाली की फिल्टर काढून ठेवा आणि हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाशी बसणारी आडोशाची कड, लावा. गर्दीत लेन्सचं रक्षण हूडही करतो.

घेण्याआधी

विकत घेण्याआधी भाड्याने आणा. फक्त लक्षात ठेवा की मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी गावभर लग्नं असतात आणि त्या दिवशी सगळ्यांनाच २४-७० हवी असते, तेव्हा चाचणीसाठी मधला रिकामा आठवडा निवडा. लेन्स घेऊन रात्री दहानंतर सराफ्यात जा. दागिन्यांची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागलेल्या असतात, पिवळे-पांढरे दिवे सरमिसळ, वाफ, माणसांची दाटी, मागे सरकायला जागा नाही. लग्नाच्या मांडवाला इतकी जवळची दुसरी जागा इंदुरात मिळणार नाही. जिलेबी सोडणाऱ्याचे हात १/१६० ला घ्या. खाणाऱ्या घोळक्याचे चेहरे दोन मीटरवरून २४ ला आणि मग ७० ला घ्या. अ‍ॅपर्चर सगळा वेळ पूर्ण उघडं ठेवा. कोणाचा चेहरा जवळून घेताना आधी विचारा.

घरी येऊन फोटो शंभर टक्के मोठे करून पाहा. डोळ्याच्या पापण्या वेगळ्या दिसतात का? अंधारात फोकस किती वेळा मागे-पुढे चाचपडला? कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोची फोकल लेंथ लिहिलेली असते, तीही तपासा. अर्ध्याहून जास्त फोटो ७० ला खेटलेले असतील तर तुमची नजर चेहऱ्यांकडे जाते, आणि पुढची लेन्स ८५ एफ/१.८ किंवा ७०-२०० एफ/२.८ असेल. ही दुसरी एक ते दीड किलोची, कारण २०० ला २.८ भागलं की ७१ मिमीचं छिद्र निघतं आणि त्याला तेवढी मोठी काच लागते. बरेचसे २४ ला असतील तर आहे तीच पुरे.

जुनी लेन्स घेत असाल तर मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये धरते. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नसावं, झूमची रिंग अडखळत फिरू नये. मग एखाद्या विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून एफ/२.८ वर २४ ला, ५० ला आणि ७० ला एकेक फोटो घ्या. डावी बाजू धारदार आणि उजवी मऊ दिसली तर आतली काच सरकलेली आहे. डीएसएलआर असेल तर टेबलावर तिरकी पट्टी ठेवून मधल्या आकड्यावर फोकस करा. धारदार भाग दर वेळी पुढे किंवा मागे पडत असेल तर बॉडीमध्ये मायक्रो-अ‍ॅडजस्टमेंटची, म्हणजे फोकस किंचित पुढे-मागे जुळवण्याची, सोय आहे का ते बघा. ती नसेल तर सर्व्हिस सेंटरचा खर्च धरून मगच भाव ठरवा.